उन्हाळ्यात घोडा गोठवलेला खाऊ दोनदा चाटून सोडून देतो : कारणे आणि उपाय

नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून पारा चाळिशीच्या वर स्थिरावला की घोडे सांभाळणारी अनेक मंडळी घरच्या फ्रीजरमध्ये गाजर, टरबूज, काकडी, गूळपाणी असे काही ना काही गोठवून जनावराला दुपारचा गारवा देण्याचा प्रयत्न करतात, आणि त्यांपैकी अनेकांची तक्रार दरवर्षी एकच असते. पहिल्या दिवशी घोडा कुतूहलाने ठोकळ्याला नाक लावतो, चाटतो, ओठांनी ढकलतो. दोन-तीन दिवसांनी तोच घोडा एकदा-दोनदा जीभ लावून मान फिरवतो, ठोकळा घमेल्यात वितळत राहतो आणि त्यावर माश्या बसतात. मग गूळ वाढवला जातो. घोडा पुन्हा काही दिवस खातो, पुन्हा सोडतो, आणि मध्यंतरी त्याची लीद पातळ होते.

घोडा लहरी आहे असा निष्कर्ष येथे सर्रास काढला जातो, तो मला मान्य नाही. घोड्याची आवड दोन दिवसांत बदलत नाही. ठोकळा ज्या पद्धतीने गोठवला जातो त्या पद्धतीमुळे चव आतल्या भागात अडकून पडते, थंडीमुळे वास दबतो, आणि घोड्याच्या जिभेला प्रत्यक्षात लागते ते कडक, बेचव पाणी. म्हणून गूळ वाढवण्याआधी गोठवण्याची पद्धत बदलावी, एवढेच मला येथे सांगायचे आहे; त्याच्या आजूबाजूच्या इतर अडचणी त्या ओघात येतीलच.

दोष कोठे आहे ते आधी पाहावे

घोड्याने नाकारलेला एक ठोकळा फेकून न देता स्वच्छ पोत्यात गुंडाळून मधोमध फोडावा आणि त्याचा छेद उजेडात पाहावा. गूळपाणी किंवा टरबुजाचा रस एकाच वेळी ओतून गोठवला असेल, तर बाहेरचा एक-दोन बोटे जाडीचा भाग फिकट, जवळजवळ रंगहीन दिसेल आणि मध्यभाग गडद, किंचित मऊ आणि चिकट असेल. बाहेरचा तुकडा स्वतः चाखून पाहिल्यास तो जवळपास साध्या बर्फासारखा लागतो, आणि मधला तुकडा बोट चिकटेल इतका गोड असतो. हा फरक स्पष्ट दिसला, तर कारण सापडले असे समजावे.

असे का होते, हे समजून घेतल्यास उपाय आपोआप सुचतो. पाण्याचा स्फटिक तयार होताना तो साखर, मीठ किंवा रंगद्रव्ये आपल्या रचनेत सामावून घेत नाही. ती उरलेल्या द्रवात ढकलली जातात. फ्रीजरमध्ये भांडे सर्व बाजूंनी थंड होते, त्यामुळे बर्फाचे कवच बाहेरून आत वाढत जाते आणि विरघळलेला सगळा माल शेवटी मध्यभागी गोळा होतो. भांडे जितके मोठे आणि गोठण्याचा वेग जितका मंद, तितके हे विभाजन अधिक. नागपूरच्या मे महिन्यात घरगुती फ्रीजरवर आधीच ताण असतो, दार वारंवार उघडले जाते, दोन लिटरचा ठोकळा घट्ट व्हायला एक रात्र पुरत नाही; म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत हा खाऊ द्यावासा वाटतो, त्याच दिवसांत तो सर्वांत वाईट गोठतो.

दुसरा दोष तुकड्यांचा. सफरचंदाच्या फोडी आणि गवताची पाती पाण्यावर तरंगतात, गाजराचे तुकडे बुडतात. एकाच वेळी सर्व घालून भांडे फ्रीजरमध्ये ठेवले की वरच्या टोकाला एक थर, तळाला दुसरा थर आणि मध्ये रिकामा बर्फ अशी रचना तयार होते. घोड्याने वरचा थर पहिल्या काही मिनिटांत संपवला की पुढे त्याला चाटत राहण्यासाठी काही कारणच उरत नाही. पहिल्या दिवशी आवडीने खाल्ले आणि मग सोडले, या तक्रारीतला मोठा भाग एवढ्यावरच उलगडतो.

थर देऊन गोठवणे

या दोन्ही दोषांवर एकच इलाज आहे, तो म्हणजे ठोकळा थराथराने तयार करणे आणि त्यात जे काही घालायचे ते किसून घालणे. दोन लिटरच्या स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, ज्याचे तोंड तळापेक्षा रुंद आहे अशा, एकूण दीड लिटरच द्रव भरावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे काठोकाठ भरलेली प्लॅस्टिकची बादली किंवा डबा तडकतो आणि त्याची बारीक कपची बर्फात अडकून घोड्याच्या तोंडात जाऊ शकते. केकसाठी मिळणारे सिलिकॉनचे भांडे असेल तर अधिक चांगले. ठोकळा सुटतोही सहज.

द्रव म्हणून गूळपाण्याऐवजी मेथीदाण्याचे पाणी घ्यावे. एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मेथीदाणे रात्रभर भिजवून सकाळी गाळले की हलका पिवळसर, उग्र वासाचा द्रव मिळतो. मेथीचे नाव मी उगाच घेत नाही. घोड्यांना कोणत्या चवी अधिक रुचतात यावर ब्रिटनमधील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात मेथी आणि केळे ही दोन्ही अग्रभागी होती आणि गाजर व पुदिना यांचा क्रम त्यांच्या मागे लागला होता. गाजर म्हणजे घोड्याचा सर्वांत लाडका पदार्थ असे आपण गृहीत धरतो, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण मेथीत साखरेचा प्रश्नच येत नाही आणि ती प्रत्येक घरात असते. मेथी न आवडणारा घोडा असेल, तर वाळलेल्या लसूणघासाच्या (ल्यूसर्न या चाऱ्याच्या) दोन मुठी लिटरभर पाण्यात तासभर बुडवून ते पाणी गाळून घ्यावे. हा वास त्याच्या रोजच्या वैरणीचा असल्यामुळे नवख्या, बुजऱ्या घोड्यालाही तो परका वाटत नाही. मात्र हे पाणी उन्हाळ्यात लगेच आंबते. गाळल्याबरोबर ते फ्रीजमध्ये गेले पाहिजे.

किसण्यासाठी टरबुजाचा सालीलगतचा पांढरा भाग आणि काकडी ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. कॉटन मार्केटमध्ये या दिवसांत टरबुजांचे ढीग लागलेले असतात, घरात लाल गर माणसे खातात आणि साल टाकून दिली जाते. तीच साल स्वच्छ धुऊन किसली तर घोड्याला उत्तम. लाल गर घालायचाच असेल तर वाटीभर पुरे. संत्र्याचे शहर म्हणून संत्रे घालावे अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि संत्रे घोड्याला अपायकारक नाही. परंतु मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळे उन्हाळा तापेपर्यंत संपत आलेली असतात आणि आंबटपणा अनेक घोड्यांना रुचत नाही, म्हणून त्याच्या मागे धावू नये.

आता कृती. तळाशी दोन बोटे जाडीचा द्रव ओतून त्यात एक मूठ कीस पसरावा आणि तो घट्ट होऊ द्यावा. घरगुती फ्रीजरमध्ये असा थर घट्ट व्हायला साधारण तीन-चार तास लागतात. पुढच्या थरासाठीचा द्रव आधीच फ्रीजमध्ये थंड करून ठेवलेला असावा, कारण माठातले किंवा नळाचे पाणी थेट ओतले तर खालचा थर तडकतो आणि वितळून पुन्हा मिसळतो. असे चार थर झाले की ठोकळा तयार होतो. पातळ थर लवकर गोठतो, त्यामुळे चवीला मध्यभागी पळून जाण्याइतका वेळच मिळत नाही, आणि कीस बारीक असल्यामुळे तो तरंगला किंवा बुडाला तरी दोन बोटांच्या आतच राहतो. सकाळी सुरू केलेले काम रात्री संपते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाऊ देता येतो. हा वेळ जास्त वाटत असेल तर एकाच बैठकीत दोन गंज लावावेत, परंतु थर गाळू नयेत.

वासाचा प्रश्न

घोडा अन्नाची पारख आधी नाकाने करतो. गोठलेल्या पदार्थातून वासाचे कण फारच कमी सुटतात. त्यामुळे चांगला तयार झालेला ठोकळाही फ्रीजरमधून काढताच समोर ठेवला तर घोड्याला तो दगडासारखा निर्गंध वाटू शकतो. येथे उपाय अगदी साधा आहे. ठोकळा बाहेर काढून सावलीत पाच-दहा मिनिटे ठेवावा, पृष्ठभाग ओला झाला की पिकलेल्या केळ्याचा लहान तुकडा त्यावर सर्व बाजूंनी चोळावा, आणि मग द्यावा. या थांबण्याचा दुसराही फायदा आहे. उणे १८ अंशांच्या कोरड्या बर्फाळ पृष्ठभागाला ओली जीभ किंवा ओठ चिकटतो, घोडा दचकून मान मागे खेचतो, आणि एकदा असा अनुभव आलेला घोडा पुढे बर्फाजवळ येण्यास कचरतो. पृष्ठभागावर पाण्याचा थर आला की हा धोका संपतो.

त्याहून दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे फ्रीजरमधला परका वास. उघडे भांडे मटणाच्या किंवा मासळीच्या पिशवीशेजारी रात्रभर राहिले तर त्या बर्फाला जो वास लागतो तो आपल्याला कळतही नाही, परंतु तृणभक्षी प्राण्याला तो लगेच जाणवतो. एखादा घोडा पहिल्या हुंगण्यातच मागे सरत असेल, चाटतसुद्धा नसेल, तर चवीचा विचार न करता आधी भांड्याला घट्ट झाकण आहे का ते पाहावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिनचा वासही काही घोड्यांना खटकतो. पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरले की तो बराच कमी होतो.

वेळ चुकली तर चांगला ठोकळाही वाया जातो

वरातीहून परतलेली घोडी किंवा टांग्यातून नुकताच सोडलेला घोडा जोरजोराने श्वास घेत असताना त्याच्यापुढे बर्फ ठेवला जातो आणि तो तोंड लावत नाही. त्या क्षणी त्याला खाऊ नको असतो. त्याला पाणी, सावली आणि अंगावर पाणी हवे असते. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, पोटशूळ उठतो, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे, परंतु आजचे पशुवैद्यकीय मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि पाणी अडवून ठेवण्यानेच अधिक नुकसान होते. लगाम काढावा, साधे, फार थंड नसलेले पाणी पिऊ द्यावे, अंग भिजवावे, आणि श्वास त्याच्या नेहमीच्या गतीवर आल्यावर, म्हणजे बहुधा अर्ध्या-पाऊण तासाने, गोठवलेला खाऊ पुढे करावा. लगामाची कडी तोंडात असताना बर्फ कधीही देऊ नये.

गोठवलेल्या खाऊने घोड्याचे शरीर थंड होते, हा समज मला येथे थोडा विस्ताराने तपासायचा आहे, कारण त्यामुळे लोक खऱ्या उपायाकडे दुर्लक्ष करतात. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी घोड्याच्या शरीराच्या तापमानापर्यंत, म्हणजे ३८ अंशांपर्यंत, येताना सुमारे ११८ किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याचे तापमान एका अंशाने कमी करायचे तर अंदाजे २९० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे अख्खा किलोभर बर्फ पोटात गेला तरी फरक पडतो तो जेमतेम चार दशांश अंशाचा, आणि प्रत्यक्षात त्यातला बराच बर्फ घमेल्यातच वितळतो. याउलट एक लिटर पाणी घोड्याच्या कातडीवरून वाफ होऊन उडाले तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जाते, म्हणजे बर्फाच्या जवळजवळ पाचपट. नागपूरच्या मे महिन्यातील हवा कोरडी असते, म्हणूनच आपल्या घरातले कूलर इतके उत्तम चालतात, आणि त्याच कारणाने ओले केलेले घोड्याचे अंग आणि समोर लावलेला पंखा हा येथील सर्वांत प्रभावी गारवा आहे. जूनच्या मध्यानंतर हवेत दमटपणा आला की कूलरप्रमाणेच हा उपायही मंदावतो; तेव्हा पाणी एकदा मारून न थांबता ते सतत ओतत राहावे लागते.

तर मग गोठवलेला खाऊ द्यायचाच कशाला? कारण तो घोड्याला पाण्याकडे वळवतो. ज्याची भूक उन्हाने मंदावली आहे, जो दिवसभर टिनाच्या शेडखाली कंटाळून उभा आहे, त्याला चाटण्यासारखे काही मिळाले की तो पाणी घेतो, हालचाल करतो, आणि त्याच्या पोटात दीड लिटर का होईना, जास्तीचे पाणी जाते. मध्यम आकाराच्या घोड्याला गार दिवसांतही रोज वीस-पंचवीस लिटर पाणी लागते आणि आपल्या उन्हाळ्यात ही गरज दुपटीच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे खाऊ हा पाण्याला पर्याय कधीच होऊ शकत नाही. काही घोडे ज्या बादलीत बर्फ तरंगतो त्या बादलीचे पाणी पीत नाहीत. म्हणून ठोकळा पाण्याच्या बादलीत सोडायचा असेल तर साध्या पाण्याची दुसरी बादली शेजारी असलीच पाहिजे.

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ अतितप्त दिवसांत विशेष लक्ष ठेवावे. विश्रांतीतही घोड्याचा श्वास बराच वेळ जलद राहिला, तो सुस्त झाला, इतर घोडे घामाने भिजलेले असताना याचे अंग कोरडे राहिले, किंवा गुदद्वारातून घेतलेले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर त्या वेळी खाऊ, गूळ, सरबत यांपैकी काहीही पुढे करत बसू नये. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंशांच्या दरम्यान असते. सावलीत उभे करून सर्वांगावर अखंड पाणी ओतावे, पंखा लावावा आणि ताबडतोब पशुवैद्यांना बोलवावे. सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय शहरातल्या घोडेमालकांना जवळचे आहे. त्याच्या वेळा उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच विचारून भिंतीवर लिहून ठेवाव्यात.

ठोकळा फार लवकर वितळतो

येथे आकाराचे गणित कामी येते. ठोकळ्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली की वजन आठपट होते, परंतु हवेला उघडा राहणारा पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणून बर्फाच्या ट्रेमधील लहान चौकोन आपल्या दुपारी काही मिनिटांत नाहीसे होतात आणि दीड लिटरचा एकसंध ठोकळा घोड्याला पुरेसा वेळ पुरतो. लोखंडी घमेले उन्हात तापते आणि ठोकळा खालून वितळवते. शिवाय त्याची धार घोड्याच्या हनुवटीला लागते. टायरच्या रबराचे टोपले सर्वांत चांगले. ते सरकू नये म्हणून कोपऱ्यात ठेवावे. ठोकळा दोरीने टांगण्याची युक्ती काही ठिकाणी वापरली जाते, तिचा मी विरोध करतो, कारण बर्फ संपल्यावर ओली, गोड दोरी घोडा चावतो आणि तिचे धागे पोटात जातात, किंवा पाय अडकतो.

पाऊण तासात जे संपले नाही ते उचलून टाकावे आणि टोपले धुऊन ठेवावे. माश्या आणि मुंग्या यांचा बंदोबस्त यापेक्षा वेगळा करावा लागत नाही.

वेळ वाचवण्यासाठी बर्फाच्या कारखान्यातील लादी फोडून तिच्यावर गूळ टाकून देणे मात्र टाळावे. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले. निळसर दिसणारा बर्फ घोड्यालाही देऊ नये, आणि पांढरी लादीदेखील पोत्यात, भुश्यात, रस्त्याच्या कडेला ठेवलेली असेल तर ती पोटात जाण्यास योग्य राहत नाही. असा बर्फ टाकीतले पाणी बाहेरून गार ठेवण्यासाठी वापरता येईल.

लीद पातळ होणे

याचे सर्वांत सामान्य कारण वाढवलेला गूळ आणि फळांचा रस हेच असते. घोड्याचे मोठे आतडे वैरण आंबवून पचवण्यासाठी बनलेले आहे. तेथील जीवाणूंना अचानक भरपूर साखर मिळाली की समतोल बिघडतो. नवा खाऊ पहिल्या दिवशी पाव ठोकळा, मग अर्धा, असा वाढवावा आणि दिवसाला एकापेक्षा अधिक ठोकळा देऊ नये. ज्या घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस हा खुरांचा आजार झाला असेल, किंवा ज्याच्या मानेवर चरबीचा कडक उंचवटा आहे, त्याच्यासाठी गूळ, केळे, टरबुजाचा गर आणि उसाचा रस पूर्ण वर्ज्य. मेथीचे पाणी आणि काकडी एवढेच पुरेसे आहे.

दूध, लस्सी, कुल्फी, आइस्क्रीम हे प्रौढ घोड्याला पचत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, अव्होकॅडो यांपैकी काहीही घालू नये. चंदीतले, म्हणजे घोड्याच्या रोजच्या धान्याच्या खुराकातले, चार दाणे चवीसाठी घातले तर हरकत नाही, परंतु गाई-म्हशींचे तयार पशुखाद्य किंवा कोंबड्यांचे खाद्य कधीही घालू नये; त्यांतील काहींमध्ये मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते आणि ते घोड्याला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते.

मिठाबाबत वेगळी काळजी हवी. घोड्याच्या घामातून सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मोठ्या प्रमाणात जातात, म्हणून मीठ देणे योग्यच आहे. परंतु ते ठोकळ्यात घातले की साखरेप्रमाणेच मध्यभागी गोळा होते आणि शेवटी एक खारट गाभा उरतो, जो घोडा थुंकून टाकतो. मीठ चंदीत मिसळावे किंवा सैंधवाचा खडा गव्हाणीत ठेवावा, आणि साधे पाणी सदैव समोर असावे.

घास अडकण्याचा धोका

गाजराच्या गोल चकत्या आणि सफरचंदाच्या जाड फोडी गोठल्यावर दगडासारख्या कडक होतात, आणि बर्फ वितळताच त्या अखंड तोंडात येतात. म्हातारा, दात झिजलेला किंवा अधाशी घोडा त्या न चावता गिळतो आणि अन्ननलिकेत घास अडकतो. घोड्याला उलटी करता येत नाही. मान ताणून खोकणे, तोंडातून आणि नाकपुड्यांतून लाळेसोबत खाद्य बाहेर येणे, अस्वस्थपणे मागे-पुढे होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी समोरचे सर्व खाद्य आणि पाणी उचलावे, बाटलीने किंवा नळीने तेल-पाणी तोंडात ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते, आणि पशुवैद्यांना बोलवावे. सर्व काही किसून घालण्याचा आग्रह मी धरतो तो चवीइतकाच या कारणासाठीही आहे. जो घोडा चाटण्याऐवजी बर्फ कडाकडा फोडून खातो, त्याला ठोकळ्याऐवजी चमच्याने खरवडलेला अर्धवट मऊ बर्फ द्यावा.

लाईट जाऊन आल्यावर

मे महिन्यात तासन्‌तास लाईट गेली की फ्रीजरमधला ठोकळा अर्धवट वितळतो आणि परत गोठतो, पण वरून तसा दिसत नाही. या अवस्थेत थर मोडतात, कीस तळाला बसतो, आणि भाजीचा अंश कोमट पाण्यात राहिल्यामुळे आंबूही लागतो. घोडा असा ठोकळा हुंगून सोडतो आणि त्याचे नाक बहुधा बरोबर असते. यासाठी फ्रीजरमध्ये एका वाटीत साधे पाणी गोठवून तिच्यावर एक नाणे ठेवून द्यावे. आपण घरी नसताना लाईट जाऊन आली असेल आणि नाणे बर्फात खाली गेलेले दिसले, तर त्या खेपेचे सर्व ठोकळे टाकून द्यावेत; नाणे वरच असेल तर ते वापरण्यास हरकत नाही. चांगल्या स्थितीतले ठोकळेसुद्धा झाकण लावून आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण त्यानंतर पृष्ठभाग कोरडा पडतो आणि मेथीचा वास उडून जातो.